चाप असलेली किंवा नसलेली

लोकांची नावं रस्त्यांना लागतात, पुलांना लागतात, एका सद्गृहस्थांचं तर मी पाण्याच्या टाकीला लागलेलं पाहिलं आहे. पण नावाचं काय, दोन पावसाळ्यांत रंग उडतो. माझं वाक्य कायद्यात लागलं आहे. सबंध वाक्य, माझ्या स्वतःच्या स्वल्पविरामांसकट. ते चौकातल्या फलकावर आहे, कोणीही जाऊन वाचावं. दम लागला तर मध्ये थांबावं, स्वल्पविराम मी त्यासाठीच ठेवले आहेत.

हे वाक्य तिथे कसं गेलं आणि त्यापायी माझ्या सासऱ्यांची गाडी शस्त्र कशी ठरली, ते सांगतो. ऐकणाऱ्यांपैकी काहीजण म्हणतात की यातलं निम्मं मी रचलेलं आहे. कुठलं निम्मं, ते त्यांना अजून ठरवता आलेलं नाही, म्हणून मी सगळंच सांगतो.

सुरुवात बागेतल्या बाकावर झाली. त्या बाकावर आम्ही तिघं संध्याकाळी बसतो आणि सरकारनं काय करायला हवं होतं ते ठरवतो. एक मी, वजनमापे खात्यातून निवृत्त. दुसरे कर्नल. कर्नल सैन्यात कधी नव्हते, त्यांनी जन्मभर आयुर्विमा विकला. पण मिशी अशी राखली की लोकांनीच त्यांना बढती देत देत कर्नलपर्यंत आणून ठेवलं. तिसरे आमच्या समोरच्या घरातले दातवाले डॉक्टर. ते दोन्ही बाजूंना मान डोलावतात. समोरच्याचं तोंड उघडं असताना आपण एकट्यानंच बोलायचं, ही त्यांची दिवसभराची सवय. संध्याकाळी ते भरपाई करतात.

त्या दिवसांत वाद बंदुकीवर चालला होता. कर्नलांकडे आजोबांच्या वेळची दुनळी आहे. ती भिंतीवर टांगलेली असते आणि तिच्या एका नळीत पालीचा संसार आहे.

"बंदूक प्रत्येकाच्या घरात हवी," कर्नल म्हणत. "बाहेर सगळ्यांकडे आहेत. मी रिकाम्या हातानं कसा जाऊ?"

"कोणाकडे आहेत?"

"तेच तर! आपल्याला माहीतच नाही."

मी म्हणे, "कर्नल, साधी गाडी घ्यायची तर नंबर लागतो, परवाना लागतो, विमा लागतो, चाचणी द्यावी लागते. बंदुकीलाही गाडीचेच नियम लावा, विषय संपला."

"मग उलटं करा की. माणसं गाडीखाली जास्त मरतात. गाडीला बंदुकीचे नियम लावा!"

"बरोबर," डॉक्टर म्हणत. कोणाचं, ते सांगत नसत.

अशात नगरपालिकेनं बंदुकांविषयीच्या नियमांचा मसुदा काढला आणि नागरिकांकडून हरकती व सूचना मागवल्या. हरकती व सूचना हा प्रकार तुम्हाला ठाऊक असेल. त्या मागवायच्या असतात. कोणी पाठवाव्यात अशी कोणाचीच अपेक्षा नसते. लग्नपत्रिकेवर 'सहकुटुंब सहपरिवार' छापतात, तसं ते असतं. पण मी मसुदा वाचला आणि पहिल्याच कलमाशी अडखळलो. तिथे लिहिलं होतं, 'बंदूक म्हणजे बंदूक व तत्सम वस्तू.'

आता मी कुठल्या खात्यातला माणूस, ते सांगितलंच आहे. किलो म्हणजे काय हे ठरल्याशिवाय आमच्या खात्यात बटाट्याकडे मान वर करून पाहत नसत. 'बंदूक म्हणजे बंदूक' हे वाचून मला जेवण गेलं नाही. मी टेबलाशी बसलो आणि बंदुकीची व्याख्या लिहिली. खोडली. पुन्हा लिहिली. बायको दोनदा येऊन दिवा मालवायचा का विचारून गेली. अखेर उतरली ती अशी:

'ज्या वस्तूत बंदिस्त जागी ज्वालाग्राही पदार्थाचा स्फोट घडून, त्याचा धूर, ठिणगी व शेजारच्या गल्लीत ऐकू जाईल असा आवाज एकाच वेळी नळीवाटे बाहेर पडतो, आणि जी वस्तू मनुष्याच्या जिवास अपाय करू शकते, अशी, चाप असलेली किंवा नसलेली, कोणतीही वस्तू म्हणजे बंदूक.'

'चाप असलेली किंवा नसलेली.' या चार शब्दांवर माझा विशेष जीव. उद्या एखादा लबाड माणूस बंदुकीचा चाप काढून खिशात ठेवील आणि म्हणेल, ही बंदूकच नव्हे, नळाचा तुकडा आहे. तर त्या न जन्मलेल्या लबाडाला मी आधीच धरून ठेवला होता. तीस वर्षं तराजूच्या पारड्याखाली चिंच चिकटवणारे धरले, त्यातून ही नजर येते.

सबंध शहरातून सूचना आल्या दोन. एक माझी. दुसरी, शेजाऱ्याच्या आंब्याची पानं आपल्या अंगणात पडतात अशी. दुसरी विषयाला धरून नाही म्हणून बाद झाली, आणि सर्वांत जास्त पसंतीची सूचना म्हणून माझी जशीच्या तशी मंजूर झाली. नियम लागू झाले, मोठ्या चौकात पांढऱ्या अक्षरांचा हिरवा फलक लागला.

मी बायकोला दाखवायला घेऊन गेलो. म्हणजे खरं सांगायचं तर तिनं मला नेलं. मला गाडी चालवता येत नाही. मी शेजारी बसतो आणि मतं देतो. गाडी तिची. सासऱ्यांनी तिला लग्नानंतर दिली, माझ्याकडे बघत दिली, आणि देताना म्हणाले, "हिला कुठे अडून बसावं लागू नये." 'हिला' म्हणजे मुलीला, गाडीला नव्हे, हे मला पुढे हळूहळू उमगलं. सासरे गेले, गाडी राहिली. दारं तिनंच बदलून घेतली, रंग तिनंच दिला, आणि गॅरेजवाल्याशी ती ज्या जिव्हाळ्यानं बोलते तसं माझ्या भावंडांशी कधी बोललेली नाही.

त्या गाडीला एक खोड आहे. किल्ली बंद केली की ती गप्प होते. मग, पाहुणा दारात चप्पल घालून "बरं, येतो" म्हणतो आणि पुन्हा बोलत उभा राहतो ना, तेवढा वेळ जातो. आणि मग सायलेन्सरमधून एक बार निघतो. एकच. धूर, ठिणगी आणि धडाका. नव्या माणसाच्या हातातला कप सुटतो. गल्लीला मात्र सवय झालेली. उलट समोरच्या डॉक्टरांचा अर्धा धंदाच त्यावर चालायचा. ते रोग्याच्या दातावर चिमटा लावून खिडकीकडे कान देऊन उभे राहत. बायको मंडईतून परतली, बार झाला, की रोगी दचकून मागे उडे आणि दात डॉक्टरांच्या हातात राही. न दुखवता दात काढणारे म्हणून त्यांचं नाव शेजारच्या तीन गावांत होतं. "वहिनी, आज किती वाजता येताय?" असं ते सकाळीच विचारून ठेवायचे.

तर फलकासमोर आम्ही थांबलो. बायकोनं काचेतूनच वाचलं.

"कसं वाटलं?"

"छान आहे. लांब आहे जरा."

"कायद्याची भाषा आहे ती."

"तेच म्हणते. दोनदा श्वास घ्यावा लागला."

आणि तिनं किल्ली बंद केली.

फलकाखाली एक हवालदार उभा होता. त्याची तिथेच ड्युटी. चौकात दुसरं वाचायला काही नसल्यामुळे माझं वाक्य त्याला तोंडपाठ झालेलं. बार झाला तसा तो दिव्याच्या खांबामागे गेला. मग हळूच बाहेर आला. गाडीकडे पाहिलं. फलकाकडे पाहिलं. पुन्हा गाडीकडे पाहिलं. माणूस परीक्षेत ओळखीचा प्रश्न आल्यावर जसा खुलतो, तसा त्याचा चेहरा खुलला.

"काका, हा आवाज शेजारच्या गल्लीत ऐकू जातो?"

"त्याच्याही पलीकडल्या गल्लीत जातो," बायको म्हणाली. तिला गाडीचं कौतुक.

"धूर आहे. ठिणगी मी स्वतः पाहिली. पेट्रोल म्हणजे ज्वालाग्राही पदार्थ. ही," तो वाकून सायलेन्सरला हात लावून आला, "नळी आहे."

"अहो, गाडी आहे ती!" मी उतरलो.

"गाडीनं माणसाच्या जिवाला अपाय होतो की नाही?"

इथे मला गप्प बसता आलं असतं. पण बाकावर दोन वर्षं जे बोलत आलो तेच तोंडातून आलं. "होतो. बंदुकीपेक्षा जास्त होतो."

"मग झालं की."

तेव्हा मी हुकमाचं पान टाकलं. "आणि चाप? दाखवा, चाप कुठे आहे?"

हवालदार फलकापाशी गेला, टाचा उंचावल्या, आणि माझ्या चार शब्दांखालून सावकाश बोट फिरवलं.

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली की काही न बोलण्याचेही तिचे प्रकार मला वेगवेगळे ओळखता येतात. हा नवा होता.

हवालदारानं दिलेल्या नोटिशीत लिहिलं होतं की विनापरवाना शस्त्र बाळगल्याचं आढळलं असून महिनाअखेर परवाना न घेतल्यास शस्त्र जप्त करून वितळवण्यात येईल. वितळवण्यात! सासऱ्यांच्या गाडीतून लोकांच्या खिडक्यांचे गज निघतील, फाटकं निघतील, बरंच काही निघेल. बायकोनं ती नोटीस वाचली आणि गाडीवर आच्छादन घालून आली. गाडीला थंडी वाजत असावी तसं.

मी थेट गॅरेजवाल्याकडे धावलो. "बार बंद कर. बार नाही तर बंदूक नाही."

"करतो की काका, अर्ध्या तासाचं काम आहे." त्यानं हात पुसले, नोटीस वाचली आणि ती मला लांबूनच परत दिली. "हे नाही जमायचं. शस्त्राच्या नळीत विनापरवाना फेरफार केला तर मी आत. बंदुकीच्या मिस्त्रीकडे न्या."

बंदुकीचा मिस्त्री शहराच्या दुसऱ्या टोकाला होता. तो आला, सायलेन्सरमध्ये एक डोळा मिटून पाहिलं, आणि म्हणाला, "नळी उत्तम आहे. आत बिघाड काही नाही. बार स्वच्छ निघतो. हिला कशाला हात लावू?" जाताना त्यानं बायकोचं अभिनंदनही केलं.

मग वाहन कार्यालय. तिथल्या साहेबांना वाटलं मी तक्रार घेऊन आलोय, म्हणून ते पाणी प्यायला उठून गेले ते जेवूनच आले. मी म्हणालो, "ही गाडी आहे असं एक पत्र द्या."

"पोलिसांनी शस्त्र म्हटलंय?"

"हो."

"मग ती आमच्या नोंदीतून कमी करावी लागेल. एक वस्तू दोन खात्यांत ठेवता येत नाही, हिशेब जुळत नाही." आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी ती कमी केली. म्हणजे मी गेलो होतो गाडी वाचवायला आणि ती गाडी आहे असं म्हणणारं एकमेव खातंही मी संपवून आलो. घरी मी इतकंच सांगितलं की साहेब फार सौजन्यानं वागले.

उरली शस्त्र परवाना शाखा. तिथे एक बाई बसतात. वयस्कर, चष्मा दोरीला, आणि टेबलावर कागद उडू नयेत म्हणून रिकामी काडतुसं ठेवलेली. हसताना त्यांना कोणी पाहिलेलं नाही, मीही नाही.

"शस्त्र कोणाचं?" त्यांनी विचारलं.

"माझं," बायको म्हणाली.

"कशासाठी हवं? पिकाचं रक्षण, क्रीडा की आत्मसंरक्षण?"

"मंडईत जायला," बायको म्हणाली.

"तसा रकाना नाही."

"आत्मसंरक्षण लिहा," मी म्हणालो.

बाईंनी चष्म्यावरून आम्हा दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि तसं लिहिलं. मग अर्जदाराच्या मनाची तपासणी. पालिकेचे डॉक्टर बायकोला म्हणाले, "राग येतो का?" ती म्हणाली, "येतो." "आला की काय करता?" ती म्हणाली, "गाडी काढून बाहेर जाते." ते म्हणाले, "म्हणजे शस्त्र घेऊन?" या एका प्रश्नानं आमची तपासणी आणखी चार आठवडे... नाही, चार आठवडे म्हणालो तर तुम्ही म्हणाल महिनाअखेर उलटून गेली. पुष्कळ लांबली, एवढंच म्हणतो. शेवटी त्यांनी तिला निर्धोक ठरवलं आणि मला वेगळं बोलावून तिच्याशी वाद टाळायला सांगितलं.

राहिली दोन शेजाऱ्यांची साक्ष, अर्जदार सभ्य असल्याची. डॉक्टरांनी लगेच सही केली. कर्नलांनी पेन उघडलं, टोपण मागे लावलं, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "सही करतो. आधी एकदा बाकावर सगळ्यांसमोर म्हण, गाडीला बंदुकीचे नियम लावावेत हे कर्नलांचं मत योग्य होतं."

"कर्नल, तुम्ही ते वादासाठी बोलला होता!"

"मी वादासाठी बोललो आणि तू कायदा करून दाखवलास. म्हणून तर मान्य कर म्हणतो."

मी बाकावर उभा राहून ते म्हणालो. बागेतली बाकीची माणसंही जमली होती, आणि एका आजोबांना ऐकू कमी येत असल्यामुळे मला ते दुसऱ्यांदा मोठ्यानं म्हणावं लागलं. पण सही मिळाली. महिना संपायच्या आत परवाना बायकोच्या हातात पडला. फोटो, शिक्का, 'एक नळी, चाप नाही' अशी नोंद. गाडी वितळायची वाचली.

तुम्हाला वाटेल, संपलं. मलाही वाटलं होतं. परवान्याच्या मागच्या बाजूला अटी असतात, हे मी, अटी लिहिण्यात आयुष्य गेलेला माणूस, विसरलो होतो. अट पहिली, शस्त्र व दारूगोळा एकत्र ठेवू नये. म्हणजे गाडी शेडमध्ये आणि पेट्रोल घरात. आमच्या न्हाणीघरात पेट्रोलचे डबे आले आणि मी चार बादल्यांच्या जागी एका तांब्यावर आंघोळ करू लागलो. अट दुसरी, सार्वजनिक जागी शस्त्र भरलेलं नेता येणार नाही, रिकामं न्यावं.

रिकामं न्यावं! रिकामी गाडी न्यायची म्हणजे ढकलून न्यायची. पहिल्या दिवशी बायको चाकाशी बसली आणि मी मागून ढकलत मंडईपर्यंत गेलो. वाटेत ओळखीचे भेटले. प्रत्येकानं "बॅटरी का?" विचारलं आणि प्रत्येकाला मी थांबून कायदा समजावून सांगितला, त्यामुळे परतायला अंधार पडला. वांगी तेवढी मिळाली. दुसऱ्या दिवशी उतारावर गाडी माझ्या आधी निघून गेली आणि मी तिच्यामागून धावलो, तो हवालदारानं मला थांबवलं. शस्त्र परवानाधारकापासून दूर गेलं तर चालत नाही, पण साथीदारापासून गेलं तर काय, हे त्याला फलकावर वाचून बघायचं होतं. तिसऱ्या दिवशी माझी कंबर गेली. चौथ्या दिवशी बायको म्हणाली, "राहू दे. चालत जाईन."

तेवढंच. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

तिच्या थोरल्या बहिणीकडे जायचं तिनं बंद केलं, कारण ते गावाबाहेर. गल्लीतल्या बायकांना दवाखान्यात, स्टेशनवर सोडायला तीच जायची, तेही बंद. डॉक्टरांकडचे रोगी ओरडू लागले, चार गल्ल्यांपर्यंत ऐकू जायचे, पण त्यांना कोणी परवाना मागितला नाही. आणि संध्याकाळी बाकावरून परतलो की मला शेडमध्ये दिवा दिसायचा. बायको गाडीत बसलेली असायची. इंजिन बंद, टाकी कोरडी. दोन्ही हात चाकावर, नजर समोरच्या भिंतीवर. एकदा तर ती वळताना हात बाहेर काढून इशारा करत होती. मी पायांचा आवाज न करता घरात गेलो. सासरे भिंतीवर होते, फोटोत. त्यांनी माझ्याकडे जसं नेहमी पाहिलं तसंच पाहिलं.

वर्षातून एकदा नियमांचा फेरविचार होतो. पुन्हा हरकती व सूचना. मी ठरवलं, जायचं आणि त्यातले 'किंवा नसलेली' हे दोन शब्द काढून टाका म्हणायचं. चाप नाही तर बंदूक नाही, गाडी सुटली. इतरांना हे दोन शब्दच वाटतील. आयुष्यभर मी दुसऱ्यांनी केलेले नियम दुकानदारांना वाचून दाखवले. पहिल्यांदा माझं काही कोणी वाचत होतं. रोज सकाळी मी वळसा घेऊन चौकातून जायचो. पण काढायचे म्हणजे काढायचे. घरी कोणाला बोललो नाही.

सुनावणीला खोली भरलेली होती. कर्नल पुढच्या रांगेत. आंब्याच्या पानांचे गृहस्थही आले होते. मध्ये परवाना शाखेच्या बाई. आणि मागच्या दारातून बायको आत आली. मी तिला येताना पाहिलं आणि माझं भाषण विसरलो.

"बोला," बाई म्हणाल्या.

"माझी सूचना मागे घ्यायची आहे. 'किंवा नसलेली' हे शब्द काढून टाकावेत."

"का? चांगले आहेत. अख्ख्या नियमावलीत तेवढेच मला कळतात."

ही स्तुती ज्या वेळी मिळायला नको त्या वेळी मिळाली. "काढा," मी म्हणालो. "चूक आहेत ते."

"थांबा," मागून आवाज आला. "माझी हरकत आहे."

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. बायको उभी होती.

"तुम्ही कोण?" बाईंनी रीतीप्रमाणे विचारलं.

"परवानाधारक. ते शब्द काढायचे नाहीत."

"अगं," मी म्हणालो, "तुझ्यासाठीच..."

"तुम्ही गप्प बसा हो जरा. बाई, हा परवाना आल्यापासून नळ दुरुस्त करणारा सांगितलेल्या वेळी येतो. दारासमोर आडवी गाडी लावणारे आता आधी विचारतात. माझी थोरली बहीण, जन्मात कधी माझं ऐकलं नाही, ती मला 'तुझं काय मत?' म्हणाली. शब्द काढलेत तर परवाना जाईल. तो मला हवा आहे."

"मग अडचण काय?"

"ती भरलेली न्यायला मिळत नाही."

"भरलेलं शस्त्र बाहेर नेण्याची मुभा फक्त जिवाला धोका असेल तर. तुम्हाला आहे?"

"आहे तर," बायको म्हणाली. "बाहेर सगळ्यांकडे आहेत. रस्ताभर. भरलेल्या! कोणी नशेत, कोणी फोनवर, कोणाला चालवता येत नाही. एकटी मीच बिनगाडीची. मी रिकाम्या हातानं कशी जाऊ?"

कर्नल आपल्या जागेवर उभे राहिले. त्यांच्या मिशीला कंप सुटला होता. इतकी वर्षं ते हे वाक्य बोलत आले होते, आणि ते पटण्यासारखं आहे हे त्यांना आज पहिल्यांदा कळत होतं.

"बरोबर," डॉक्टर म्हणाले.

बाईंनी काडतूस उचललं, कागद काढला. "धोका मान्य," त्या म्हणाल्या. "भरलेलं नेता येईल. अट एक. बार होण्यापूर्वी लोकांना सावध करावं लागेल." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "यांना दुसरं काही काम असतं का?"

"नाही," बायको म्हणाली. "शेजारी बसून मतं देतात."

"आवाज?"

"मोठा आहे."

कर्नलांनी साक्ष दिली की मी बाकावर उभा राहून बोललो होतो तेव्हा बागेच्या फाटकापर्यंत ऐकू आलं होतं.

तेव्हापासून असं चाललं आहे. न्हाणीघर मोकळं झालं. बायको मंडईत जाते, बहिणीकडे जाते, स्टेशनवर लोकांना सोडते. डॉक्टरांचे रोगी आता बाराआधी माझ्या ओरडण्यालाच दचकून पुन्हा निःशब्द दात देऊ लागले. आणि चौकातल्या फलकावर माझं वाक्य होतं तसंच आहे. सबंध शहरात ते ज्या एका वस्तूला लागू पडतं ती वस्तू बाराही महिने भरलेली फिरते, पण त्याला माझा इलाज नाही. कर्नलांची दुनळी वगळावी लागली, कारण तिच्यातून आजवर ठिणगी, धूर किंवा आवाज यांपैकी काहीही बाहेर पडल्याचा पुरावा नाही. पाल पडते. वाक्याखाली मात्र आता बारीक अक्षरांत एक ओळ वाढली आहे: 'चाप नसलेले शस्त्र भरलेल्या स्थितीत नेताना, पूर्वसूचना देणारा इसम सोबत असणे आवश्यक.'

म्हणजे कायद्यात आता मी दोन ठिकाणी आहे. कर्नल एकाही ठिकाणी नाहीत, याची मी त्यांना अधूनमधून आठवण करून देतो.

काल संध्याकाळी आम्ही बहिणीकडून परतलो. गल्लीत वळताना मी बायकोला सांगत होतो की पदपथांच्या रुंदीबद्दल सध्याचा नियम किती ढिसाळ आहे, आणि माझ्या डोक्यात एक व्याख्या घोळते आहे. तिनं दारात गाडी उभी केली. किल्लीवर हात ठेवला, पण फिरवली नाही. समोरच्या खिडकीतून डॉक्टर चिमटा धरलेला हात उंच करून तयार असल्याचं दाखवत होते.

"पदपथ म्हणजे," मी म्हणालो, "ज्या पृष्ठभागावरून मनुष्य, पादत्राण असलेला किंवा नसलेला..."

"अहो इसम," बायको म्हणाली, "उतरा आणि ओरडा. त्यांच्या रोग्यानं केव्हाचा आ वासलाय."